उरलेले आणि उष्टे

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ रात्री साडेनऊनंतर जो थोडा वेळ थांबला असेल, त्याला या लेखाचा विषय निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. फळांच्या हातगाड्या आवरल्या जात असतात. सकाळी रचून मांडलेली केळी दिवसभराच्या हाताळणीने काळवंडलेली असतात. उद्या त्यांना गिऱ्हाईक मिळणार नाही हे गाडीवाल्याला ठाऊक असते. बेकरीच्या काचेमागे पाव आणि नान शिल्लक असतात. खानावळीच्या मागच्या दाराने एखादा पोऱ्या भाताचे पातेले घेऊन येतो आणि ते नालीच्या कडेला उपडे करतो. त्या पोऱ्याचा दोष नाही. मालकाचाही फारसा नाही, कारण तो भात कोणाला द्यावा, कसा द्यावा आणि दिल्यावर काही विपरीत घडले तर जबाबदार कोण, हे त्याला कोणी कधी सांगितलेले नाही. त्याच वेळी त्याच परिसरात बंद दुकानांच्या पायऱ्यांवर माणसे उपाशीपोटी अंग टाकत असतात.

आमच्या वसतिगृहातील मुले त्या पायऱ्यांवरची नाहीत. त्यांना दोन वेळचे जेवण मिळते आणि ते आम्ही मिळवून देतो. तरीही कोठीघराचा हिशेब ज्यांनी एकदा पाहिला आहे, त्यांना महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डाळ किती पातळ होते हे माहीत आहे. म्हणून व्यापारी व उपाहारगृहांकडील उरलेल्या चांगल्या अन्नाचा प्रश्न आमच्यासाठी केवळ चर्चेचा राहिलेला नाही. तो आमच्या भोजनगृहाच्या दारापर्यंत आलेला आहे, आणि पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही गोंधळून गेलो होतो.

काही वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत एका मंगल कार्यालयातून रात्री साडेदहाच्या सुमारास दूरध्वनी आला. जेवण बरेच उरले आहे, मुलांसाठी पाठवतो, असा निरोप होता. आम्ही हरखून होकार दिला. टेम्पो पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले. झोपलेली मुले उठवली, ताटे मांडली. चार पातेली उतरवली गेली. स्वयंपाकाच्या ताईंनी पुलावाच्या पातेल्यात डाव घातला, तर त्यात चुरगळलेला कागदी रुमाल आणि दाताने तोडलेला लिंबाचा तुकडा निघाला. गुलाबजामच्या पातेल्यातही तोच प्रकार. ताईंनी झाकण ठेवले. पण जवळ उभ्या असलेल्या सातवीतल्या एका मुलाने ते पाहिले होते. त्याने विचारले, "सर, आमच्या आजोबांना द्यायचे ते असलेच का?"

त्या रात्री मुलांना पोहे करून दिले आणि चारही पातेली दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पुरली. उरलेल्या दोन पातेल्यांत वरण आणि साधा भात होता. त्यांना कोणाचा हातही लागलेला नव्हता. तेही पुरले. पुढच्या बैठकीत मोठा वाद झाला. एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे, या संस्थेच्या दारात पुन्हा असे अन्न येता कामा नये. स्वयंपाकाच्या ताईंना बैठकीत बोलावण्याची आमच्याकडे प्रथा नव्हती, त्या दिवशी त्या आपणहून आल्या आणि म्हणाल्या, "दादा, उष्टं फेकलं ते बरंच केलं. पण वरणाचं काय चुकलं होतं?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. हा लेख एका अर्थाने त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

ज्येष्ठ विश्वस्तांचा संताप समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांच्या वडिलांच्या पिढीने येसकरपाळीची भाकर पाहिली होती. गावकीची कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार हाक देऊन भाकरीचे तुकडे गोळा करायचे. ते वरून टाकले जात, हातात दिले जात नसत. त्या तुकड्यांना गाव हक्क म्हणत असे, आणि त्या हक्कातच सगळी मानहानी भरलेली होती. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि हे शिळेपाके तुकडे कायमचे सोडण्यास सांगितले, त्यामागे आरोग्याचा विचार होताच. पण त्याहून मोठा विचार माणसाने मान वर करून उभे राहण्याचा होता. ज्यांनी ते तुकडे सोडले त्यांनी त्यापायी उपासही काढले. 'बलुतं' आणि 'अक्करमाशी' ही पुस्तके आमच्या ग्रंथालयात आहेत व वरच्या वर्गांतील मुले ती वाचतात. अशा घरांतून आलेल्या मुलापुढे दुसऱ्याच्या पंगतीतले उष्टे वाढणे म्हणजे शंभर वर्षांची वाट उलटी चालण्यासारखे आहे. याबाबत आमच्यात मतभेद नाही आणि नसावा.

परंतु उरलेले आणि उष्टे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मराठीने त्यांच्यासाठी दोन शब्द ठेवले आहेत ते उगाच नव्हे. पातेल्यात राहिलेले अन्न उरलेले असते. ताटात राहिलेले उष्टे होते. पहिले अन्न शिजवणाऱ्याच्या अंदाजाची चूक आहे, दुसरे खाणाऱ्याची. गावकीने हा भेद मुद्दाम पुसला, कारण देणाऱ्याला घेणारा खालचा दाखवायचा होता. आपणही तो भेद विसरलो, तर उष्ट्याबरोबर चांगले अन्नही पुरत राहू, त्या रात्री पुरले तसे.

उरलेल्या अन्नाचे काय करावे हा प्रश्न भगवान बुद्धांपुढेही आला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. विनयपिटकात ती हकिकत आहे. भगवंतांचा मुक्काम वैशालीच्या महावनातील कूटागारशाळेत असताना संघाकडे खाद्यपदार्थ फार साठले. आनंदांनी ही गोष्ट भगवंतांच्या कानी घातली. तेव्हा उरलेल्या अन्नावर गुजराण करणाऱ्या लोकांना ते पुवे वाटून टाक, असे भगवंतांनी सांगितले. आनंदांनी सर्वांना ओळीने बसवले आणि प्रत्येकाला एकेक पुवा देत गेले. दोन पुवे एकमेकांना चिकटलेले होते. एक समजून ते दोन्ही त्यांच्या हातून एका परिव्राजिकेला दिले गेले. शेजारच्या स्त्रियांनी लगेच तिची थट्टा आरंभली आणि तिचा व आनंदांचा संबंध जोडला. पुढच्या दोन फेऱ्यांतही तेच घडले. गोष्ट भगवंतांपर्यंत गेली आणि इतर पंथांच्या परिव्राजकांना भिक्षूंनी स्वहस्ते अन्न देण्यासंबंधी नियम घालून दिला गेला.

या हकिकतीतले दोन-तीन बारकावे आम्हांला फार मोलाचे वाटतात. भगवंतांनी साठा करून ठेवा असे म्हटले नाही. अन्न उरले आहे म्हणजे ते आजच दुसऱ्याचे आहे. आनंदांनी लोकांना ओळीने बसवले, पुवे गर्दीत उधळले नाहीत. आणि एवढ्या सरळ मनाच्या माणसाकडूनही वाटपात घोटाळा झाला, अपवाद निर्माण झाला. तेव्हा वाटप बंद करण्याऐवजी ते कसे करावे याचा नियम केला गेला. आमच्या बैठकीत त्या दिवशी ही कथा कोणाला आठवली असती, तर निम्मा वाद वाचला असता. (पाली शिकवणारे आमचे गुरुजी त्या दिवशी रजेवर होते, असे त्यांनी आवर्जून नोंदवायला सांगितले आहे.)

आता नियमांकडे वळू. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये अतिरिक्त अन्नाच्या संकलन व वितरणासंबंधी स्वतंत्र विनियम प्रसिद्ध केले आणि १ जुलै २०२० पासून ते लागू झाले. आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे. या विनियमांत अतिरिक्त अन्नाची व्याख्या करताना न वापरलेल्या सुरक्षित अन्नाचाच विचार केलेला आहे. म्हणजे आमच्या ताईंनी जो भेद केला तोच कायद्यानेही केला. असे अन्न विनामूल्यच वाटायचे. त्याची विक्री करता येणार नाही. ते विक्रीच्या मालापासून वेगळे ठेवायचे. शिजवलेल्या पदार्थावर त्याचे नाव, तो कोठून आला, केव्हा तयार झाला आणि शाकाहारी की मांसाहारी, हे लिहिलेले असावे. देणाऱ्याने व वाटणाऱ्या संस्थेने नोंद ठेवावी. यात न जमण्यासारखे काय आहे? शहागंजातला कोणताही दुकानदार उधारीची वही याहून अधिक काटेकोरपणे ठेवतो.

आपल्याकडे अन्न दान करण्याची सक्ती नाही. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना न विकलेले खाण्यायोग्य अन्न नष्ट करण्यास मनाई केली आणि सेवाभावी संस्थांशी करार करणे भाग पाडले. अमेरिकेत १९९६ पासून असा कायदा आहे की, सद्हेतूने अन्न देणाऱ्यावर, त्याने घोर निष्काळजीपणा केलेला नसेल तर, दावा चालत नाही. व्यापाऱ्याच्या मनातली भीती अमेरिकेच्या कायद्याने नेमकी ओळखली. आमच्याशी बोलताना एका उपाहारगृहाचे मालक म्हणाले, "साहेब, टाकून दिलं तर कोणी विचारत नाही; दिलं आणि एखाद्या पोराचं पोट दुखलं तर पोलीस माझ्या दारात." या भीतीला हसून चालणार नाही. सद्हेतूने देणाऱ्याला स्पष्ट शब्दांत संरक्षण मिळावे, ही मागणी व्यापारी संघटनांनी आणि आमच्यासारख्या घेणाऱ्या संस्थांनी मिळून केली पाहिजे. सक्तीच्या बाजूने आम्ही आज नाही. सक्ती आली की टेम्पोतून पुन्हा कागदी रुमाल येतील.

तोवर भीतीवर एकच उपाय आहे, तो म्हणजे घड्याळ. शिजवलेले अन्न बाधते ते बहुतेक वेळा उशिरामुळे. साठ अंशांच्या वर गरम किंवा पाच अंशांच्या खाली थंड राहिलेल्या अन्नात जंतूंची वाढ सहसा होत नाही. या दोहोंच्या मधल्या उष्णतेत ते झपाट्याने वाढतात, आणि मराठवाड्याचा एप्रिल-मे महिना म्हणजे तीच मधली उष्णता. भात निरुपद्रवी वाटतो, पण शिजल्यावर तासन्तास कोमट राहिलेला भात पुन्हा गरम केला तरी त्यातील विष जात नाही. दही, पनीर, खवा, मांस, नारळाचे वाटण यांचे तर बोलायलाच नको. म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. रात्री नऊनंतर शिजवलेले अन्न आम्ही घेत नाही. पंगतीत किंवा बुफेच्या मेजावर एकदा मांडलेले भांडे घेत नाही. मुदपाकखान्यातून बाहेर न आलेलेच घेतो. झाकण उघडल्यावर पहिला घास अधीक्षक आणि ताई खातात. शंका आली तर वाद न घालता परत पाठवतो, आणि देणाऱ्याने त्याचा राग मानू नये अशी विनंती आधीच करून ठेवतो. आणि मुलांना झोपेतून कधीही उठवत नाही.

व्यापाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर काम आणखी सोपे होते, कारण सगळ्या उरलेल्या अन्नाची प्रकृती सारखी नसते. सर्वांत सोपे कोरडे अन्न. किराणा दुकानातील पाकिटे मुदत संपायला पंधरा-वीस दिवस असतानाच गिऱ्हाईक नाकारते. ती मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी आमच्या हाती ठेवण्याऐवजी तेव्हाच द्यावीत. बेकरीचा पाव आणि नान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उत्तम राहतात. या शहराची नान-खलियाची ख्याती असल्याने नानच्या भट्ट्या इथे भरपूर; त्यांच्याकडील सकाळचे उरलेले नान आमच्या मुलांना डाळीबरोबर फार आवडतात. फळे सकाळच्या न्याहारीला चालतात, थोडी डागाळलेली असली तरी. मुलांना डागाचे वावडे नसते, ते गिऱ्हाइकाला असते. शिजवलेल्या अन्नाचे मात्र आधी ठरलेले असावे लागते. केटररला पाचशे पानांची मागणी असली की तो काही पाने जास्तीची धरतो. दुपारच्या लग्नात दोन वाजेपर्यंत त्याला अंदाज आलेला असतो की दुसरे पातेले उघडावे लागणार नाही. त्या क्षणी, म्हणजे रात्री भांडी घासायला काढताना नव्हे, दूरध्वनी झाला पाहिजे. दुपारी दोनचा वरण-भात मुलांच्या संध्याकाळच्या जेवणात सुरक्षितपणे येऊ शकतो, जर तो मधल्या वेळेत गरम ठेवला गेला तर. ही जर-तरची साखळी लांब आहे खरी, पण एका ओळखीच्या माणसाचा क्रमांक आणि एक झाकणाचे स्टीलचे पातेले एवढ्यावर ती टिकते.

आपल्या शहरात याचा आदर्श आहेच. शहागंजपासून फार दूर नसलेल्या बायजीपुऱ्यात डिसेंबर २०१५ मध्ये युसुफ मुकाती यांनी हारून मुकाती इस्लामिक सेंटरच्या वतीने रोटी बँक सुरू केली. सभासदाने घरून दोन ताज्या पोळ्या आणि भाजी आणून जमा करायची. ज्याला गरज आहे त्याने ती घेऊन जायची. घेणाऱ्याला जात, धर्म, कारण विचारायचे नाही. आम्हांला त्यातील सर्वांत सुंदर गोष्ट बँक हा शब्द वाटतो. बँकेत पैसे काढणाऱ्याला कोणी भिकारी म्हणत नाही. त्याच महिन्यात मुंबईच्या डबेवाल्यांनीही समारंभांतील उरलेले अन्न गरजूंपर्यंत नेण्याचे काम आरंभले होते. डबेवाल्यांना ते सुचले याचे नवल नाही. अन्न वेळेत पोहोचवणे हाच त्यांचा पिढीजात धंदा.

अन्न नासण्याचा दुसरा चेहरा या शहराने २०१८ मध्ये पाहिला. नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि सारे शहर आठवडेच्या आठवडे आपल्याच कचऱ्यात बसले; मिटमिट्यात दगडफेकीपर्यंत मजल गेली. तेव्हा रस्त्यारस्त्यांवर जे कुजत होते त्यात ओला कचरा, म्हणजे बहुतांशी अन्नच होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात एका वर्षात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील साठ टक्के घराघरांतून. उपाहारगृहांचा वाटा अठ्ठावीस टक्के, दुकानांचा बारा. हे आकडे वाचल्यावर व्यापाऱ्यांकडे बोट दाखवताना आमचा हात जरा आखडतो. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी खाल्ली, त्याच घरांच्या लग्नांत आज चौदा पदार्थ मांडले जातात आणि अर्धे ताट टाकले जाते. या वर्षी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याच्या विवाहाला आम्ही गेलो होतो. मंगल परिणय अगदी साधेपणाने, बावीस प्रतिज्ञांसह झाला आणि जेवणाच्या मंडपात मात्र साधेपणाचा मागमूस नव्हता. नवरदेव हा लेख वाचतील. त्यांनी रागावू नये.

एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. उरलेले अन्न मिळू लागले की शासनाची आणि समाजाची जबाबदारी हलकी होईल, मुलांच्या हक्काच्या जेवणाऐवजी दयेचे जेवण येईल, असे काही कार्यकर्ते म्हणतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला तो अन्न हा हक्क मानून. त्या हक्काच्या जागी आम्ही हातगाडीवरची केळी ठेवायला तयार नाही. म्हणून आमचे दुसरे ठरलेले सूत्र असे की, अशा अन्नाचा अंदाजपत्रकात एक दाणाही धरायचा नाही. मुलांच्या आहाराचे प्रमाण आणि मागणी तीच राहील. आलेले अन्न त्यात भर असेल. केळी न्याहारीला जास्तीची म्हणून येतील, भाजीऐवजी नव्हे.

तिसरी गोष्ट छायाचित्रांची. दात्याने मुलाच्या हातात ताट देताना काढलेले छायाचित्र आमच्या आवारात काढू दिले जात नाही. यावरून एक-दोन दाते दुरावले आहेत. आळवी येथे बैल शोधून दमलेला एक उपाशी शेतकरी उपदेश ऐकायला उशिरा आला, तेव्हा भगवंतांनी त्याला आधी जेवू घातले आणि मगच धम्म सांगितला, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. जेवू घालताना त्याच्याकडून आभाराचे शब्द वदवून घेतले असा उल्लेख त्या कथेत नाही. आमच्या मुलांनीही कोणाच्या भ्रमणध्वनीकडे पाहून हसण्याचे कारण नाही. पावती मात्र आम्ही देतो: काय मिळाले, किती मिळाले, किती वाजता. दात्याचा मान त्या पावतीत आहे.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर ज्या दुकानांच्या शुभेच्छा छापल्या आहेत, त्यांपैकी पुष्कळशी शहागंज, सिटी चौक आणि गुलमंडी परिसरातील आहेत. जाहिरातीचे पैसे त्यांनी आढेवेढे न घेता दिले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन जाताना आमच्या हाती रिकामे पातेलेही असेल. जाहिरात आणि पातेले यांतून एकच देणे शक्य असेल, तर त्यांनी पातेले भरावे. पान आम्ही तसेच छापू.

देण्याची सवय घेणाऱ्यालाही लागते, हे लिहिल्याशिवाय हा मजकूर पुरा होणार नाही. १४ एप्रिलला आमच्या वसतिगृहात दात्यांची इतकी गर्दी होते की दुपारपर्यंत कोठीघरात खीर, पुऱ्या आणि फळे यांना जागा पुरत नाही. मागच्या जयंतीला दुपारी एक वाजता ताईंनी दोन पातेली न उघडता बाजूला काढली, वर चिठ्ठ्या लावल्या, आणि नववीची सहा मुले ती घेऊन घाटी रुग्णालयाच्या आवारात गेली. रुग्णांचे नातेवाईक तेथे झाडाखाली बसलेले असतात. मुलांनी त्यांना ओळीने बसवले नाही. आपणच एकेकापाशी जाऊन बसली आणि वाढले. त्या सहांत, तोवर नववीत आलेला, तो आजोबांविषयी विचारणारा मुलगाही होता. परतल्यावर त्याने वहीत नोंद केली: खीर, एक पातेले, पुऱ्या, एक पातेले, बनवल्याची वेळ सकाळी अकरा, संपल्याची वेळ दोन वाजून दहा मिनिटे. शेरा या रकान्यात त्याने लिहिले होते, "पुऱ्या कमी पडल्या."